धडगावच्या ओपीडीत बसून संशोधन होतं का?

एका तरुण डॉक्टरांनी विचारलं आहे: ‘एमबीबीएस करून बंधपत्राच्या सेवेसाठी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालो आहे. संशोधनाची ओढ कॉलेजपासूनची. पण इथे पावसाळ्यात रस्ता बंद पडतो, लॅबमध्ये हिमोग्लोबिन आणि मलेरियाच्या पलीकडे फारसं काही होत नाही. इथे राहून संशोधन शक्य आहे का, की लवकर पीजी करून मोठ्या संस्थेत जावं? आणि खरं सांगायचं तर, माझ्या समोर बसलेल्या पेशंटला त्याचा उपयोग काय?’

तुम्ही प्रश्न तीन विचारले आहेत, पण मला वाटतं तुम्हाला खरा छळतोय तो शेवटचा. बाहेर बाकावर साठ माणसं बसलेली असताना वहीत काही लिहीत बसणं ही चैन तर नाही ना, ही ती बोच आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे, शहाद्यात सव्वीस वर्षं प्रॅक्टिस करते. त्याआधी तीन वर्षं तुमच्याच अक्राणी, म्हणजे धडगाव तालुक्यात सरकारी नोकरीत होते. हीच बोच मलाही होती. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी काय कशावर अवलंबून आहे ते सांगते. तुमची ओढ रेणूंकडे असेल, म्हणजे हिमोग्लोबिनच्या जनुकात नेमका बदल काय होतो, औषध पेशीत शिरून काय करतं, हे तुम्हाला झोपू देत नसेल, तर धडगावात थांबू नका. त्याला प्रयोगशाळा लागते, गुरू लागतो, पूर्ण वेळ लागतो. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, तशा ठिकाणी जा आणि मनात अपराधी वाटू देऊ नका. घरची परिस्थिती, पीजीची तयारी, बंधपत्राचं एक वर्ष की त्याहून जास्त मुक्काम, यावरही बरंच ठरेल. पण तुमचा प्रश्न माणसांबद्दलचा असेल, म्हणजे हे मूल का दगावलं, या पाड्यावरच्या बायका दवाखान्यात का येत नाहीत, हे औषध इथल्या पेशंटला खरंच लागू पडतं का, तर त्याची उत्तरं मुंबईत नाहीत. ती तुमच्या ओपीडीच्या बाकावर बसलेली आहेत.

हे धीर देण्यासाठी म्हणत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं त्यांच्यासमोर मरत होती. त्यांनी काय केलं? रात्र रात्र पेशंटच्या खाटेशी बसले. घाम किती, हातपाय थंड कधी पडतात, रक्तदाब कधी चढतो आणि कधी कोसळतो, फेसाळ खोकला कोणत्या तासाला सुरू होतो, सगळं टिपलं. त्यातून दिसलं की विषामुळे शरीरातली अ‍ॅड्रेनलीनसारखी रसायनं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. एकदा हे ध्यानात आल्यावर औषध शोधण्याची दिशा ठरली. आवळलेल्या वाहिन्या सैल करायच्या. आधी त्यांनी नायट्रोप्रुसाइडचं सलाइन वापरलं, पण ते खेड्यात झेपणारं नव्हतं. मग प्राझोसिन, रक्तदाबाची साधी गोळी. 1982 मध्ये आणि 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची निरीक्षणं छापून आली. आज मीही विंचू चावलेल्या मुलाला किलोमागे 30 मायक्रोग्रॅम प्राझोसिन देते, तेव्हा ती बिरवाडीची रात्रपाळी माझ्या हातातून चालत असते.

मला त्यांच्या कामातलं सर्वांत मोठं वाटतं ते पुढचं. ज्या गोळीने त्यांचं नाव झालं तिच्यावर ते थांबले नाहीत. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष जोडलं तर आणखी फरक पडतो का, हे तपासायला त्यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात 70 पेशंट दोन गटांत, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, वाटले. 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निकाल आला: प्रतिविष आणि प्राझोसिन मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे, नुसत्या प्राझोसिनवर 35 पैकी 8. तालुक्याच्या गावातला एक डॉक्टर आपलंच औषध कसोटीला लावतो आणि उत्तर मान्य करतो. यासाठी इमारत लागत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी शिकायला मला फार वर्षं लागली. निरीक्षण पुरेसं नसतं. मोजावं लागतं, आणि मोजताना छेद लागतो. चौथीतलं गणित: अंश वर, छेद खाली. दवाखान्यात आपल्याला फक्त अंश दिसतो. जो आला तो. जो आलाच नाही, तो छेदात असतो.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्यांची नाही, गावातल्या. 92 टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. 1989 मध्ये हे छापून आलं तोवर जगभर ग्रामीण बाईच्या आरोग्याचा विचार म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच होता. तुमच्या ओपीडीच्या रजिस्टरमध्ये अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारी महिन्याला चार दिसत असतील. त्या चारवरून तुम्ही काय समजाल? पुढे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायलासुद्धा, आणि शेजारच्या 47 गावांशी तुलना केली. नवजात मृत्यूचं प्रमाण 62 टक्क्यांनी उतरलं. मृत्यू कमी झाले हे कशावरून कळलं? दोन्हीकडचा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहिलेला होता म्हणून. त्या 47 गावांची वही नसती तर कुणीही म्हटलं असतं, बाळं काय, सगळीकडेच कमी मरू लागली आहेत. आज तुमच्या केंद्रातली आशा बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन जाते, त्याचं मूळ तिथे आहे.

माझ्या स्वतःच्या वहीकडे येते. मुद्दा तिथेच खरा स्पष्ट होईल.

अक्राणीत असताना वर्ष-दोन वर्षांची मुलं यायची, हातापायांचे पंजे सुजलेले, दाबलं की किंचाळणारी. शहाद्यात आल्यावर धुळ्याच्या बाजूच्या आया सांगायच्या, ‘पोऱ्याना हातपाय दुखतस’. पावरी बोलणाऱ्या आया काही न सांगता नुसता पंजा पुढे करायच्या. संधिवात म्हणून इंजेक्शनं घेऊन झालेली असायची. हा सिकलसेल होता, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. कोवळ्या हाडांचा रक्तपुरवठा तुटल्याने येणारी सूज, या आजाराचं बहुधा पहिलं लक्षण. 1910 मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका पेशंटच्या रक्तात कोयत्यासारख्या वाकड्या पेशी पाहिल्याचं लिहिलं, ते आपण सगळेच पाठ करून परीक्षेत लिहितो. ऊसतोडीचा कोयता हातात घेतलेल्या बापाच्या पोरात तीच पेशी पाहिली तेव्हा मला ती खरी कळली.

तेव्हा मी पुस्तकात असेल तसं करत होते, आणि पुस्तकातलं बरंचसं जमैका आणि अमेरिकेतलं होतं. ते काम थोर आहे. जमैकात किंग्स्टनमध्ये डॉ. ग्रॅहम सर्जंट आणि सहकाऱ्यांनी 1973 पासून एक लाख बाळंतपणांतल्या बाळांचं रक्त तपासलं, त्यांत सापडलेली 315 सिकलसेलची बाळं वर्षानुवर्षं सोडली नाहीत. त्या बाळांनी जगाला शिकवलं की पानथरी, म्हणजे प्लीहा, काही तासांत रक्त शोषून घेऊन एवढी फुगते की मूल पांढरंफटक पडून जातं. आणि हेही की आईला पोटावर हात ठेवून पानथरी चाचपायला शिकवलं तर ते मूल वेळेवर रुग्णालयात पोहोचतं. अमेरिकेत डॉ. मेरिलिन गॅस्टन यांच्या चमूने 1986 मध्ये दाखवलं की लहान मुलांना रोज दोनदा पेनिसिलीन दिलं तर न्यूमोकॉकस या जंतूचा गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी घटतो. फरक इतका उघड होता की अभ्यास आठ महिने आधी थांबवावा लागला, उरलेल्या मुलांना औषधाविना ठेवणं बरोबर नव्हतं.

पण आपल्याकडच्या सिकलसेलच्या मुलांत जन्माच्या वेळचं हिमोग्लोबिन, ज्याला आपण एचबीएफ म्हणतो, जास्त टिकून राहतं. पानथरी आफ्रिकी वंशाच्या मुलांपेक्षा उशिरापर्यंत मोठी राहते. मग जमैकातलं सगळं जसंच्या तसं सातपुड्यात चालेल का? नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी हाच प्रश्न हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाबद्दल विचारला. परदेशात मात्रा वाढवत नेतात आणि दर थोड्या आठवड्यांनी रक्त तपासतात. त्यांनी मुलांना किलोमागे 10 मिलिग्रॅम एवढीच कमी, ठरलेली मात्रा दिली, आणि तेवढ्यानेही दुखण्याचे झटके आणि रक्त भरण्याची वेळ कमी झाली. महिन्याला रक्त तपासायला येऊ न शकणाऱ्या आमच्या पेशंटसाठी हा निष्कर्ष म्हणजे दार उघडणं होतं.

मीही कमी मात्रा सुरू केली आणि वही घातली. नाव, पाडा, वजन, झटके किती, रक्त किती वेळा भरलं, भरती किती दिवस. दोन वर्षांनी बेरीज केली. चित्र सुंदर होतं. नियमित येणाऱ्या मुलांचे झटके झपाट्याने उतरले होते. धुळ्यात बालरोगतज्ज्ञांच्या एका बैठकीत मी ते मांडलं. मागच्या रांगेतून सामुदायिक वैद्यकशास्त्राचे एक ज्येष्ठ शिक्षक उठले आणि शांतपणे म्हणाले, ‘बाई, जी मुलं येईनाशी झाली त्यांचं काय झालं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत येऊन वही उलटली तर रिकामी पानं सगळी दिवाळीनंतरची. दिवाळी झाली की घरंच्या घरं कोयता घेऊन बारडोली-सुरतकडे उसाला जातात, हे मला माहीत होतं. पण माझ्या वहीत ती मुलं ‘बंद’ झाली होती आणि बेरजेतून गळली होती. म्हणजे मी ज्यांना मोजलं ती घरी राहू शकणारी मुलं. ज्यांच्या बापाला थोडी जमीन होती, ज्यांना पाणी, जेवण, झोप वेळेवर मिळत होती, ती.

त्या वर्षी होळीची वाट पाहिली. होळीला माणूस कुठेही असो, गावी येतो. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासून काठी गावच्या होळीपर्यंतच्या दिवसांत दोन आशाताई आणि मी, यादी घेऊन पाड्यापाड्यांवर फिरलो. काही मुलं ठीक होती. काहींना गुजरातमध्ये रक्त भरलं होतं आणि तिथल्या डॉक्टरांना आजाराचं नाव माहीत नव्हतं, कारण आईबापाला ते सांगता येत नव्हतं. एक मुलगी परत आली नव्हती. उसाच्या फडावर ताप आला, दोन दिवसांत गेली. तिच्या आईने माझ्या चिठ्ठीची घडी कमरेच्या पिशवीत जपून ठेवली होती. चिठ्ठी मराठीत होती, आणि माझं अक्षर मलाही अवघड जाईल असं.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. दिवाळीआधी प्रत्येक मुलाचं रक्त तपासून, प्रकृती ठीक असेल तर औषध जास्त दिवसांचं देऊ लागले, सोबत ताप आल्यास काय करायचं ते. कार्ड गुजरातीत छापून घेतलं: आजार, रक्तगट, औषध, ताप म्हणजे तातडी. आणि वहीत एक रकाना वाढवला, ‘कुठे जाणार’. आईला पानथरी चाचपायला शिकवणं आधीपासून होतं. आता फडावर सोबत राहणाऱ्या आजीलाही शिकवू लागलो, कारण आई पहाटेच तोडीला गेलेली असते. एका आजीने मध्यरात्री नातवाच्या पोटावर चार बोटं पानथरी लागली म्हणून मुकादमाला उठवलं आणि जीप काढायला लावली. मुलाला वेळेत रक्त मिळालं. एका मुलावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. पण ज्या प्रश्नाने हे सगळं सुरू झालं तो ‘संशोधनातला’ प्रश्न होता, आणि त्याने माझ्या समोरच्या पेशंटला काय दिलं, हे तुम्ही विचारलं होतं.

एक मोठी चूकही सांगते, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. सुरुवातीच्या काळात एका आश्रमशाळेत सिकलसेलची तपासणी केली आणि निकाल वर्गात नावं वाचून सांगितले. ज्या मुली फक्त वाहक होत्या, ज्यांना आजार नव्हताच, त्यांच्या लग्नाच्या बोलण्यांत ते वर्षानुवर्षं निघत राहिलं. वाहक म्हणजे आजारी नव्हे, दोन वाहकांनी लग्न केलं तर दर गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता चारात एक, हे समजावायला एकेकट्याला शांतपणे बसवावं लागतं. संमती कागदावरच्या अंगठ्याने मिळत नाही. पावरीत, भिलोरीत, त्याच्या घरच्या माणसासमोर, ‘नाही म्हटलंस तरी औषध मिळेलच’ हे सांगून मिळते. आमच्याकडचे लोक सांगतात, रक्त नेलं आणि रिपोर्ट आलाच नाही. ते चुकीचं सांगत नाहीत. ज्याचं रक्त घ्याल त्याला त्याचा निकाल त्याच्या भाषेत परत द्या, हा माझ्यासाठी पहिला नियम आहे, छापून येणं त्यानंतर.

कधीकधी वाट पाहायलाही वेळ नसतो, हेही खरं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाइन संपलं होतं. डॉ. दिलीप महलनबीस यांनी लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं पाणी पिंपांत भरलं आणि नातेवाइकांच्याच हाती पेला दिला. तुलनेचा गट नव्हता, करताही आला नसता. पण त्यांनी नोंद सोडली नाही, म्हणून मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपासवरून 3.6 टक्क्यांवर आल्याचं पुढे जगाला दाखवता आलं. छावणीच्या चिखलात जे जमलं ते तुमच्या केंद्रात जमेल.

आता कामाचं. एकच प्रश्न निवडा, आणि असा की ज्याचं उत्तर मिळालं तर तुम्ही सोमवारी सकाळी काहीतरी वेगळं कराल. सर्पदंश किती तासांनी पोहोचतो आणि आधी कुठे जाऊन येतो, हाही चालेल. पाच-सहा रकान्यांपेक्षा जास्त नको, नाहीतर पंधरा दिवसांत वही बंद पडेल. ‘माहीत नाही’ आणि ‘नाही’ यांना वेगळी खूण ठेवा. सुरुवातीला मी दोन्हीला रेघ ओढायचे आणि वर्षभराचं काम वाया गेलं. केंद्राच्या नोंदी वापरायच्या तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी घ्या. छापण्याचा विचार असेल तर सुरू करण्याआधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीकडे जा, नंतर नाही. नंदुरबार, धुळे, जळगाव तिन्हीकडे आता सरकारी महाविद्यालयं आहेत, आमच्या वेळी एकट्या धुळ्याचा आधार होता. आणि औषधाची चाचणी वगैरे एकट्याने करायला जाऊ नका. त्याची नोंदणी, विमा, देखरेख वेगळी असते, पहिल्या वर्षाचं ते काम नव्हे.

पीजीचं म्हणाल तर करा. उलट इथलं एक वर्ष नीट लिहून काढलंत, तर पीजीला गेल्यावर प्रबंधाचा विषय शोधत फिरावं लागणार नाही.

तुमचं पत्र पावसाळ्यात आलं आहे, म्हणजे दिवाळीला अजून अवकाश आहे. तुमच्या केंद्राखालच्या पाड्यांवरून उसाला कोण जातं, त्यांच्यात सिकलसेलची मुलं किती, त्यांच्याजवळ कोणत्या भाषेतला कागद आहे, एवढी यादी आशाताईंना बरोबर घेऊन आत्ताच करायला लागा. गुजराती कार्डाचा मजकूर माझ्याकडे तयार आहे, तो घ्या. आणि होळी झाली की वही घेऊन शहाद्याला या. रविवारी दुपारनंतर ओपीडी नसते, आपण बसून रिकामी पानं आधी पाहू.